बिझनेससाठी निर्दयी व्हावंच लागतं का? लक्ष्मणराव किर्लोस्करांचा हिशेब वेगळा होता

धंद्यात दयामाया दाखवली की संपलात, असा सल्ला मोबाइलवरच्या रील्समध्ये रोज मिळतो. पनवेल-तळोजा पट्ट्यात स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकायचं स्वप्न पाहणाऱ्यांनाही तो खरा वाटतो. पण महाराष्ट्रातल्या एका मोठ्या उद्योगाची सुरुवात पाहिली, तर चित्र वेगळं दिसतं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले, पण काही रंग ओळखू येत नसल्याने यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे ते आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. १८८८मध्ये भाऊ रामूअण्णांसोबत त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. हक्काची बढती एका अँग्लो-इंडियनला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली.

पहिला नांगर विकायला दोन वर्षं

बेळगावात त्यांनी कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमिनीला विष लागतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायलाच दोन वर्षं गेली! त्यात वस्ती वाढवण्यासाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला लावली.

मदतीला आले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा दिली. जागा कसली, निवडुंग आणि सापांचा माळ. १९१०मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे पाठबळ मिळालं नसतं तर नुसत्या चांगुलपणावर कारखाना उभा राहिला नसता, हेही मान्य करायला हवं.

पहाऱ्यावर गुन्हेगार

लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगलेल्या गुन्हेगारांना रात्रीच्या पहाऱ्याचं काम दिलं. ज्यांना गावात कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या भरवशावर कारखाना सोडला! वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. त्या काळात ही दोन्ही पावलं धंद्याला महागात पडू शकली असती.

हे सगळं निव्वळ भाबडेपणातून होतं का? तसं वाटत नाही. उजाड माळावर कारागीर टिकवायचे तर घर, पाणी, शाळा द्यावीच लागते. विश्वास टाकला तरच माणूस थांबतो. यात दया होती तसा हिशेबही होता. कामात मात्र ते सैल नव्हते. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून त्यांनी नांगर ओतले.

मग १९४८मध्ये काय घडलं?

गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. आयुष्यभर माणसं जोडून उभी केलेली वाडी त्या चांगुलपणामुळे वाचली नाही. पण तिथलं काम बंदही पडलं नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. किर्लोस्करवाडीत आजही पंप बनतात आणि जवळच्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवर आता कुंडल रोड नाही, किर्लोस्करवाडी असं लिहिलेलं आहे.