सातवा एडवर्ड

सातवा एडवर्ड (आल्बर्ट एडवर्ड, ९ नोव्हेंबर, १८४१ – ६ मे, १९१०) हा २२ जानेवारी, १९०१ पासून मृत्यूपर्यंत युनायटेड किंग्डमचा राजा व भारताचा सम्राट होता. राणी व्हिक्टोरियाचा हा थोरला मुलगा सुमारे ५९ वर्षे युवराज म्हणून राहिला. महाराष्ट्रात त्याचे नाव मुख्यत्वे दोन वास्तूंमुळे टिकून आहे : मुंबईचे केईएम (किंग एडवर्ड मेमोरियल) रुग्णालय आणि ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून मुंबईतील एका भागाला काळा घोडा हे नाव पडले तो पुतळा. हा पुतळा १९६५ साली मूळ जागेवरून हलवण्यात आला. साम्राज्यवादी व वर्णद्वेषी मानल्या गेलेल्या व्यक्तींचे पुतळे सार्वजनिक जागी असावेत की नसावेत, या वादात त्याचे उदाहरण महत्त्वाचे ठरते.

सुरुवातीचे जीवन

एडवर्डचा जन्म लंडनमधील बकिंगहॅम राजवाड्यात झाला. त्याचे वडील प्रिन्स आल्बर्ट यांनी त्याच्यासाठी अत्यंत कडक शिक्षणक्रम आखला होता. परंतु युवराजाचा ओढा अभ्यासापेक्षा माणसांच्या सहवासाकडे अधिक होता. एडिंबरा, ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे त्याने काही काळ अध्ययन केले. १८६० साली त्याने उत्तर अमेरिकेचा दौरा केला. डिसेंबर १८६१ मध्ये आल्बर्ट यांचे निधन झाले. मुलाच्या बेताल वर्तनामुळे पती खचला अशी व्हिक्टोरियाची समजूत झाली व तिने युवराजाला दीर्घकाळ राज्यकारभारापासून दूर ठेवले. १० मार्च, १८६३ रोजी डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा हिच्याशी त्याचा विवाह झाला. जबाबदारीचे काम नसल्याने मेजवान्या, शिकार, प्रवास व घोड्यांच्या शर्यती यांत त्याचा बराच काळ गेला. त्याच्या मालकीच्या 'पर्सिमन' या घोड्याने १८९६ साली डर्बीची शर्यत जिंकली.

भारत दौरा (१८७५–७६)

८ नोव्हेंबर, १८७५ रोजी युवराज 'सेरापिस' या जहाजाने मुंबई बंदरात उतरला. दुसऱ्याच दिवशी त्याचा ३४वा वाढदिवस मुंबईत साजरा झाला. या मुक्कामात त्याने प्रिन्सेस डॉकची पायाभरणी केली व घारापुरीची लेणी पाहिली. त्यानंतर तो बडोद्यास गेला. मल्हारराव गायकवाड यांना इंग्रजांनी त्याच वर्षी पदच्युत केले होते आणि बारा वर्षांचे सयाजीराव गादीवर होते. पुढे श्रीलंका, मद्रास, कलकत्ता व उत्तर भारत असा प्रवास करून मार्च १८७६ मध्ये तो मुंबईहूनच परतला.

आजच्या नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरसह सर्व मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजाम मीर महबूब अली खान अवघा नऊ वर्षांचा होता. युवराजाच्या स्वागतासाठी त्याला मुंबईस आणावे असा इंग्रज अधिकाऱ्यांचा आग्रह होता. अखेर बालनिजामाऐवजी दिवाण सालारजंग मुंबईस गेले.

या दौऱ्यात इंग्रज अधिकाऱ्यांचे भारतीयांशी असलेले उर्मट वर्तन युवराजाच्या नजरेत भरले. संस्थानिकांना दिली जाणारी तुच्छतेची वागणूक आणि कातडीच्या रंगावरून वापरले जाणारे अपमानकारक शब्द त्याला खटकले. कातडीचा रंग व धर्म वेगळा आहे एवढ्यावरून कोणाला पशूसारखे वागवणे योग्य नाही, अशा आशयाची तक्रार त्याने मायदेशी पाठवलेल्या पत्रांतून केली. परिणामी भारतमंत्री लॉर्ड सॉल्झबरी यांनी अधिकाऱ्यांना नव्या सूचना दिल्या व किमान एका रेसिडेंटला पदावरून दूर केले गेले.

वर्णभेदाविषयीची भूमिका

त्या काळच्या इंग्रज सत्ताधाऱ्यांत ही भूमिका विरळ होती. मात्र ती समतेची होती असे म्हणता येत नाही. १८८१ साली हवाईचा राजा कलाकौआ लंडनला आला असता त्याला जर्मनीच्या युवराजाच्या वरचे स्थान मिळावे असा आग्रह एडवर्डने धरला. जर्मन युवराज हा त्याच्या बहिणीचा पती होता. येथे एडवर्डने वर्णापेक्षा राजपदाला अधिक मान दिला. सामान्य भारतीयाला राज्यकारभारात वाटा देण्याची वेळ आली तेव्हा त्याचे मत वेगळे होते. १९०९ साली सत्येंद्रप्रसन्न सिन्हा यांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर पहिले भारतीय सदस्य म्हणून नेमणूक करण्याचा प्रस्ताव आला. एडवर्डने त्याला विरोध केला व मंत्रिमंडळाच्या आग्रहामुळे नाइलाजाने संमती दिली. राणीचा भारतीय सेवक मुन्शी अब्दुल करीम याला त्याने अंत्ययात्रेत सहभागी होऊ दिले. परंतु नंतर राणीशी झालेला त्याचा पत्रव्यवहार जाळून टाकण्यास लावले व त्याला भारतात परत धाडले.

राज्यकाळ

२२ जानेवारी, १९०१ रोजी व्हिक्टोरियाच्या निधनानंतर एडवर्ड गादीवर आला. आजारपणामुळे लांबणीवर पडलेला राज्याभिषेक ९ ऑगस्ट, १९०२ रोजी झाला. त्यानिमित्त १ जानेवारी, १९०३ रोजी लॉर्ड कर्झनने दिल्लीत भव्य दरबार भरवला. एडवर्ड स्वतः त्यास आला नव्हता. १९०४ साली फ्रान्सशी झालेल्या मैत्रीच्या करारास त्याच्या पॅरिसभेटीने पोषक वातावरण निर्माण केले होते.

भारतात मात्र त्याचा राज्यकाळ असंतोषाचा ठरला. १९०२ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून कायमच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आला. १९०५ साली बंगालची फाळणी झाली व स्वदेशी चळवळ देशभर पसरली. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले. हे निर्णय राजाने स्वतः घेतलेले नव्हते, तरी ते त्याच्याच नावाने अमलात आले. राजद्रोह म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याच्याविरुद्धचा अपराध होता.

६ मे, १९१० रोजी एडवर्डचे निधन झाले. त्यानंतर त्याचा मुलगा पाचवा जॉर्ज राजा झाला.

मुंबईतील पुतळा

युवराजाच्या भारतभेटीची आठवण म्हणून सर आल्बर्ट ससून यांनी हा पुतळा मुंबई शहराला भेट दिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोम यांनी घडवलेला हा कांस्य पुतळा १८७९ साली उभारण्यात आला. लोकांनी तो स्वाराच्या नावाने न ओळखता घोड्याच्या रंगावरून ओळखला आणि परिसराचे नाव काळा घोडा पडले.

राजघराण्याच्या पुतळ्यांवरील रोष स्वातंत्र्यापूर्वीच प्रकट झाला होता. १८९६ साली दामोदर चापेकर यांनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले. मद्रासमध्ये १८५७ च्या उठावात क्रूर सूड घेणाऱ्या जेम्स नील या सेनाधिकाऱ्याच्या पुतळ्याविरुद्ध १९२७ साली सत्याग्रह झाला. तो पुतळा १९३७ मध्ये हटवण्यात आला. स्वातंत्र्यानंतर परकीय सत्ताधीशांचे पुतळे चौकांत ठेवण्यास विरोध वाढला. १९६५ साली एडवर्डचा पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत (वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ हलवण्यात आला. व्हिक्टोरियाचा पुतळाही तेथेच आहे. २०१७ साली काळा घोडा परिसरात नवा घोडा उभारण्यात आला. त्याच्या पाठीवर स्वार नाही.

इतर शहरांत एडवर्डच्या पुतळ्यांची वाट निराळी झाली. दिल्लीतील अश्वारूढ पुतळा कॅनडातील टोरांटो शहरात नेऊन १९६९ साली तेथील क्वीन्स पार्कमध्ये बसवण्यात आला. बंगळुरूच्या कब्बन पार्कमधील पुतळा मात्र जागेवरच आहे.

पुतळ्यांविषयीचा वाद

२०१५ साली दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन विद्यापीठातून सेसिल ऱ्होड्स याचा पुतळा विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर हटवण्यात आला. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा निदर्शकांनी पाडून बंदरात ढकलला. या वादाची झळ भारतीय नेत्यांनाही लागली. महात्मा गांधींच्या आफ्रिकेतील सुरुवातीच्या लेखनात कृष्णवर्णीयांविषयी अवमानकारक उल्लेख असल्याच्या आक्षेपावरून डिसेंबर २०१८ मध्ये घाना विद्यापीठातील त्यांचा पुतळा काढण्यात आला.

पुतळे हटवण्याच्या बाजूने असे मांडले जाते की, चौकातील पुतळा हा इतिहासाचा धडा नसून सन्मान असतो आणि ज्यांच्या पूर्वजांनी अपमान सोसला त्यांना रोज त्याखालून जावे लागते. विरोधी बाजूचे म्हणणे असे की, पुतळे नाहीसे केल्याने अन्याय पुसला जात नाही, उलट त्याचा पुरावा मात्र नष्ट होतो. शिवाय आजच्या मापाने मोजल्यास क्वचितच कोणी निर्दोष ठरेल.

एडवर्डच्या बाबतीत या दोन्ही युक्तिवादांची कसोटी लागते. ज्या दौऱ्याचे स्मारक म्हणून पुतळा उभा राहिला, त्याच दौऱ्यात त्याने वर्णाभिमानाविरुद्ध तक्रार केली होती. आणि त्याच व्यक्तीने पुढे भारतीयाला शासनात घेण्यास विरोध केला. पुतळ्याविरुद्धचा रोष त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या पदाशी निगडित होता. मुंबईने पुतळा फोडला नाही व चौकातही ठेवला नाही. तो सन्मानाच्या जागेवरून अभ्यासाच्या जागेकडे नेला. घोड्याचे नाव मात्र परिसराला कायम राहिले. १९२६ साली सुरू झालेले केईएम रुग्णालय आजही त्याच्या नावाने चालते आणि मराठवाड्यासह राज्याच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण तेथे उपचारासाठी येतात.