कल्याण ते फिलाडेल्फिया : एका प्रवासाची पाच वर्षांची तयारी

ठाण्याची खाडी ओलांडून कळव्याच्या बाजूने पुढे सरकलेला लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणला पोहोचला. मुंबई जवळ आली. पण कल्याणच्या ब्राह्मण घरांतील स्त्रियांचे जग माजघराच्या उंबरठ्याआतच राहिले. याच कल्याणात वाढलेली एक मुलगी अठराव्या वर्षी पतीला मागे ठेवून अमेरिकेला गेली आणि डॉक्टर होऊन परतली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे धाडस महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यामागची पाच वर्षांची तयारी मात्र सहसा सांगितली जात नाही.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी यांच्या घराण्याची जमीनदारी तोवर ओसरली होती. १८७४ मध्ये, नवव्या वर्षी, त्यांचा विवाह टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. पत्नीला शिकवण्याचा त्यांना ध्यास होता. पण अभ्यासात कुचराई झाली की मारहाणही होई. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत दगावला. वेळेवर वैद्यकीय उपचार मिळाले नाहीत, हे दुःख त्यांच्या मनात घर करून राहिले. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी, हा निश्चय त्यातूनच झाला.

प्रवासाची पहिली हालचाल १८७८ मध्ये कोल्हापुरातून झाली. पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेत सोय व्हावी म्हणून गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिले. वाइल्डर यांनी सुचवलेला मार्ग धर्मांतराचा होता. तो जोशी दाम्पत्याने नाकारला. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना वाचला आणि १८८० मध्ये आनंदीबाईंना पत्र पाठवले. पुढची तीन वर्षे दोघींची पत्रे समुद्रापार जात-येत राहिली. इंग्रजी सफाईदार झाले, परमुलखातील रीतिरिवाज कळले आणि उतरण्यासाठी एक हक्काचे घर मिळाले. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी मानू लागल्या.

गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाल्यावर विरोधाला धार चढली. परदेशगमन म्हणजे जातीबाहेर जाणे, असा तो काळ. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण करून लोकांच्या शंकांना जाहीर उत्तरे दिली. अमेरिकेलाच का, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही का, एकटीनेच का, परतल्यावर वाळीत टाकले तर काय, असे एकेक प्रश्न घेऊन त्या बोलल्या. आई आणि धाकटे भाऊ यांचा भार गोपाळरावांवर असल्याने ते सोबत येऊ शकत नव्हते. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही त्यांनी दिली. भाषणाची वार्ता पसरली आणि मदत येऊ लागली. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी दोनशे रुपये दिले.

तयारीत एकच गोष्ट आनंदीबाईंच्या हाती नव्हती, ती म्हणजे प्रकृती. डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी धाप, असा त्रास निघण्यापूर्वीच सुरू होता. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. तरीही ७ एप्रिल १८८३ रोजी मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने त्या कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. बंदरावर कार्पेंटरबाई न्यायला आल्या होत्या.

फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही. दिलेला शब्द पाळणे थंडीने कठीण केले. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पण साडी सोडली नाही आणि शाकाहारही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

तोवर क्षयाने शरीर पोखरले होते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली होती. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी परतल्या, मात्र त्या पदावर एक दिवसही काम करता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता.

ज्या समाजाच्या बहिष्काराची भीती घातली गेली होती, त्याच समाजाने त्यांचे कौतुकाने स्वागत केले होते. काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. गोपाळरावांनी आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवण्यात आल्या.