आळेगावची माघार

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता शिक्रापूर मागे टाकून रांजणगावमार्गे शिरूरला घोड नदीवर पोहोचतो. दक्षिणेच्या अंगाने भीमा वाहते. या दोन नद्यांच्या मुलखात नोव्हेंबर १७६२ मध्ये मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या होत्या. एका बाजूला सतरा वर्षांचे पेशवे माधवराव होते आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे सख्खे काका रघुनाथराव. या लढाईत माधवरावांचा पराभव झाला. मात्र ज्या दराऱ्यासाठी इतिहास त्यांना ओळखतो, त्याची पायाभरणी याच पराभवात झाली.

माधवरावांचा जन्म १७४५ चा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर थोरले बंधू विश्वासराव आणि चुलते सदाशिवरावभाऊ पडले. त्या धक्क्यातून न सावरलेले वडील नानासाहेब जूनमध्ये पर्वतीवर निवर्तले. पुढच्याच महिन्यात सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. वस्त्रे मिळाली, अधिकार मात्र मिळाला नाही. तिजोरी कर्जात होती, सरदार दुरावले होते आणि अटकेपर्यंत मजल मारलेल्या रघुनाथरावांना पुतण्याच्या हाताखाली वागणे मानवणारे नव्हते. दरबारी मंडळींच्या नजराही काकांकडेच लागलेल्या असत. अल्पवयीन पेशव्याने नाममात्र राहावे, असाच साऱ्यांचा हिशेब होता.

माधवराव कारभारात स्वतः लक्ष घालू लागले, तेव्हा हा हिशेब चुकला. रुसलेल्या रघुनाथरावांनी पुणे सोडले आणि चक्क निजामाची मदत मिळवून ते पुतण्यावर चालून आले. घोड नदीकाठी पहिली चकमक झडली. त्यानंतर भीमेकाठच्या आळेगावी पेशव्यांच्या फौजेचा मोड झाला. पळून जाऊन लढा लांबवण्याचा मार्ग माधवरावांना मोकळा होता. तसे केले असते तर पानिपतातून वाचलेली फौज आपसांतच संपली असती आणि लाभ निजामाचा झाला असता. ते ओळखून माधवराव स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि त्यांनी सत्ता त्यांच्या हवाली केली.

विजयी रघुनाथरावांनी कारभार हाती घेताच जुने हिशेब चुकते करण्यास प्रारंभ केला. मिरजेच्या गोपाळराव पटवर्धनांसारखा मातब्बर सरदार त्यामुळे निजामाला जाऊन मिळाला. नजरकैदेतले माधवराव मात्र स्वस्थ होते. दुफळीचा लाभ उठवून निजामाने १७६३ मध्ये पुणे लुटले, जाळले. त्या वेळी अपमान गिळून ते काकांच्या बरोबरीने मोहिमेवर निघाले. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे नदीला पूर आला होता. निजाम पैलतीरी पोहोचला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अर्ध्या फौजेनिशी अलीकडेच अडकला होता. मराठ्यांनी हल्ला चढवला. रघुनाथराव शत्रूच्या गराड्यात सापडले असता माधवराव त्यांच्या मदतीला धावून गेले. विठ्ठल सुंदर मारला गेला. त्या दिवसानंतर पेशवा कोण, हे सैन्याला सांगावे लागले नाही.

रणांगणावर मिळवलेले वजन माधवरावांनी कचेरीत टिकवले. स्वभाव तापट, शिस्त करडी. तरीही चूक दाखवणाऱ्याचे ऐकण्याची तयारी त्यांनी अंगी बाणवली होती. जपजाप्यात त्यांचा वेळ जाऊ लागला आणि कामे खोळंबली, तेव्हा न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी काशीला जाण्याची परवानगी मागून आपली नापसंती स्पष्ट केली. पेशव्यांनी रोख ओळखला आणि तो क्रम सोडला. वसईच्या सुभेदाराने रयतेकडून वेठीने सामान वाहून नेल्याचे कळताच त्यांनी ते सामान जप्त केले आणि शेतीची कामे टाकून राबलेल्या लोकांना भरपाई दिली. वेठबिगारीला आळा घालण्याचा हुकूम त्यामुळेच कागदावर राहिला नाही. बड्या अधिकाऱ्याला बसलेला चाप गावोगाव पोहोचला.

कर्नाटकात हैदरअलीवर त्यांनी लागोपाठ स्वाऱ्या केल्या. १७६८ मध्ये रघुनाथरावांनी पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा धोडप येथे त्यांचा पराभव करून माधवरावांनी त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. आळेगावी नमते घेणारा आणि धोडपला बंदोबस्त करणारा माणूस एकच होता. पहिल्या वेळी राज्य वाचवण्यासाठी माघार आवश्यक होती, दुसऱ्या वेळी कठोरपणा. १७७२ च्या जानेवारीत महादजी शिंद्यांनी बादशहा शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर परत बसवले, तेव्हा पानिपतानंतर अकराच वर्षे लोटली होती.

क्षयाने पोखरलेल्या देहाने माधवराव अखेरीस थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात राहिले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी सत्ताविसाव्या वर्षी तेथेच त्यांचा अंत झाला. पत्नी रमाबाई सती गेल्या. मरणापूर्वी त्यांनी काकांची कैद सैल करून धाकटे बंधू नारायणराव यांना त्यांच्या स्वाधीन केले होते. वर्ष उलटण्यापूर्वीच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. पेशवाईची वस्त्रे धाकट्या भावाला वारशाने मिळाली. अकरा वर्षांत स्वतःच्या वागण्यातून कमावलेला दरारा मात्र माधवरावांबरोबरच गेला.