वाळवंटातील विदुषी : गर्ट्रूड बेल

स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय लिहिणार? पण गेल्या पावसाळ्यात धाकट्या मुलीने कॉलेजातून आणलेले एक पुस्तक मला दुपारी वाचून दाखवले. त्यातल्या इंग्रज बाई काही केल्या माझ्या मनातून जाईनात. त्यांचे कौतुक वाटते आणि त्यांच्यावर रागही येतो. दोन्ही भगिनींपुढे मांडते.

गर्ट्रूड बेल यांचा जन्म १४ जुलै १८६८ रोजी उत्तर इंग्लंडातील डरहॅम परगण्यात झाला. आजोबा लोखंडाचे मोठे कारखानदार, त्यामुळे घरी कशाला तोटा नव्हता. पण गर्ट्रूड तीन वर्षांची असताना आई गेली. पुढे सावत्र आई आली, ती मात्र कहाणीतल्यासारखी नव्हती. ती स्वतः लेखिका होती. मुलीची हुशारी पाहून आईवडिलांनी तिला आधी लंडनला आणि १८८६ साली ऑक्सफर्डला शिकायला धाडले.

ऑक्सफर्ड हे शेकडो वर्षांचे जुने विद्यापीठ. मुलींसाठी तिथे सोय होऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. सोबतीला पोक्त बाई असल्याशिवाय मुलींना कुठे जाता येत नसे. अशा ठिकाणी गर्ट्रूडने दोनच वर्षांत इतिहासाची परीक्षा दिली आणि पहिला वर्ग मिळवला. त्या विषयात हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. पण पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदव्या देऊ लागले ते १९२० साली! आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी तिथे १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली, त्यांनाही पदवी १९२२ सालीच हाती मिळाली.

१८९२ साली बेलबाई इराणात तेहरानला गेल्या. तिथे त्यांचे नातेवाईक इंग्रजांचे वकील होते. तिथल्या कचेरीतील एका तरुण अधिकाऱ्याशी त्यांचे मन जुळले. त्याच्याजवळ पैसा नाही म्हणून वडिलांनी नकार दिला. बाईंनी वडिलांचा शब्द मोडला नाही. पुढच्याच वर्षी तो तरुण वारला. बाईंनी पुढे लग्न केले नाही.

मग त्यांनी आल्प्स पर्वत चढायला घेतला. पायघोळ झगा अडखळू लागला तेव्हा तो उतरवून ठेवून त्या चढल्या. १९०२ साली फिन्स्टरआरहॉर्न या १४ हजार फुटांच्या शिखराच्या अवघड बाजूने जाताना बर्फाच्या वादळाने त्यांना गाठले. दोघा वाटाड्यांसह त्या ५० तासांहून अधिक वेळ दोराला बांधलेल्या होत्या. माथा गाठता आला नाही. हातपाय थंडीने बधिर झाले, पण तिघेही जिवंत परतले.

अरबी भाषा त्या यरुशलेमला राहून शिकल्या. उंटांचा तांडा घेऊन त्या वाळवंटात हिंडत, जुन्या अवशेषांची मोजमापे घेत, नकाशे काढत. १९१३ च्या डिसेंबरात दमास्कसहून निघून त्या अरबस्तानातील हाइल गावी पोहोचल्या. तिथला अमीर मोहिमेवर होता. बाईंना सुमारे अकरा दिवस गावाबाहेर पडू दिले नाही. गंमत अशी, की तिथल्या तिजोरीवर हुकमत होती ती अमिराच्या आजीबाईंची! अखेर सुटका झाली आणि बाई सुखरूप परतल्या. त्यांच्या प्रवासांसाठी १९१८ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

महायुद्धात इंग्रज सरकारला त्यांच्या माहितीचा फार उपयोग झाला. १९२१ साली कैरोला इराकचे भवितव्य ठरवणारी परिषद भरली, तिथल्या अधिकाऱ्यांत त्या एकट्याच स्त्री होत्या. फैसल राजाला गादीवर बसवण्यात त्यांचा मोठा हात होता. आपण इंग्रजांचे राज्य सोसलेली माणसे. परक्यांनी दुसऱ्याच्या देशाच्या सीमा आखाव्यात, हे आपल्याला पटणारे नाही. मात्र त्या देशातील पुराणवस्तू तिथेच राहाव्यात म्हणून त्यांनी कायदा करवला आणि बगदादचे संग्रहालय उभारले. १२ जुलै १९२६ रोजी झोपेच्या औषधाची मात्रा अधिक होऊन त्यांचा बगदादलाच अंत झाला. २००३ च्या युद्धात ते संग्रहालय लुटले गेले. २०१५ साली ते लोकांसाठी पुन्हा उघडले.

आता रागाचे कारण सांगते. १९०८ साली इंग्लंडात स्त्रियांना मताचा हक्क नको म्हणणारी एक संस्था निघाली, आणि बेलबाई तिच्या कामात पुढे होत्या! राज्यकारभाराच्या मोठ्या गोष्टी बायकांच्या आवाक्यातल्या नाहीत, असे या मंडळींचे म्हणणे. जी बाई वाळवंट एकटी ओलांडते, तिने इतर बायकांविषयी असे म्हणावे? पुस्तक ऐकताना मी मुलीला म्हटले, स्वतः आत शिरून मागच्यांसाठी दार लावून घेतले हो या बाईंनी!

मुलगी काही बोलली नाही. तिला पुढील शिक्षणासाठी परगावी जायचे होते. तिचे वडील राजी होते. नको म्हणत होते ती मीच. एकटी कशी राहील, लोक काय म्हणतील, हे माझेच शब्द. सातवीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा मी चुलीपुढे बसून रडले होते, हे मीच विसरले होते. बेलबाईंवर रागावता रागावता माझाच हात दारावर असल्याचे माझ्या ध्यानात आले.

जूनमध्ये मी तिला वसतिगृहात पोहोचवून आले. आता तिचे पत्र आले की मी ते दुपारी सावकाश वाचते. भगिनींनो, कर्तबगार स्त्रियांची चरित्रे आपण जरूर वाचावीत. त्यांचे गुण घ्यावेत, आणि त्यांची चूक आपल्याही घरात होत नाही ना, हेही पाहावे.