विश्लेषण : बांधकामाच्या दर्जावरचा खर्च वाया जातो का? लंडनची गटारे बांधणाऱ्या बॅझलजेट यांचा हिशेब काय सांगतो?

बांधकामाचा दर्जा वाढवायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो पैशांचा. चाचण्या, देखरेख, चांगला माल यांचे बिल लगेच हातात पडते. निकृष्ट कामाचे बिल मात्र काही वर्षांनी येते आणि बहुतेकदा ते भलत्याच कुणाला भरावे लागते. त्यामुळे निविदेच्या कागदावर दर्जा नेहमी महागच दिसतो. एकोणिसाव्या शतकात सर जोसेफ बॅझलजेट यांनी लंडनच्या पोटात गटारांचे जाळे विणले, तेव्हाही हाच पेच होता. त्यांच्या कामात या हिशेबाच्या दोन्ही बाजू दिसतात. जिथे आधी खर्च केला तिथे काय वाचले आणि जिथे हात आखडता घेतला तिथे पुढे काय मोजावे लागले, हे दोन्ही.

बॅझलजेट कोण होते?

बॅझलजेट यांचा जन्म २८ मार्च १८१९ रोजी लंडनजवळच्या एनफिल्ड येथे झाला. घराणे मूळचे फ्रेंच, वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी. सर जॉन मॅकनील या अभियंत्याच्या हाताखाली आयर्लंडमध्ये जमिनीचा निचरा करण्याच्या कामांवर ते शिकले. १८४२ मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला. तो काळ रेल्वेमार्गांच्या लाटेचा होता. कामाच्या ओझ्याने त्यांची प्रकृती इतकी ढासळली की काही काळ त्यांना सगळे सोडून विश्रांती घ्यावी लागली. १८४९ मध्ये ते शहराच्या गटार आयोगात रुजू झाले, १८५२ मध्ये तिथले मुख्य अभियंता झाले आणि १८५६ पासून मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स या नव्या संस्थेचे मुख्य अभियंता.

त्या वेळी लंडनचा मैला थेट थेम्स नदीत जात होता आणि पिण्याचे पाणीही बऱ्याच भागांत त्याच नदीचे होते. १८४८-४९ च्या पटकीच्या साथीत शहरात १४ हजारांहून अधिक लोक दगावले, १८५३-५४ च्या साथीत आणखी १० हजारांहून अधिक. तरीही बॅझलजेट यांचे आराखडे वर्षानुवर्षे फेटाळले जात होते. मैला शहराबाहेर नेमका किती दूर सोडायचा, यावर वाद अडला होता. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी तो समुद्राच्या दिशेने बराच पुढे न्यावा असे सुचवले, पण त्या योजनेचा खर्च ५० लाख पौंडांच्या वर जात होता. तो कोण भरणार?

१८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी संसदेच्या इमारतीत शिरली. पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून टांगावे लागले. दोन साथींनी जे झाले नव्हते ते खासदारांच्या नाकाने झाले. अवघ्या १८ दिवसांत कायदा मंजूर झाला आणि ३० लाख पौंडांच्या कर्जाला सरकारने हमी दिली. मैला किती दूर सोडायचा, हे ठरवण्याची मुभा बोर्डाला मिळाली आणि बोर्डाने आपली तुलनेने स्वस्त योजना पुढे रेटली.

सिमेंटची परीक्षा कशी होत होती?

योजना अशी होती : नदीला समांतर, उत्तरेला तीन आणि दक्षिणेला दोन मोठी गटारे, एकूण ८२ मैलांची. जुन्या नाल्यांतले पाणी ती नदीआधीच अडवणार आणि पूर्वेकडे नेणार. शक्य तिथे पाणी उतारावरच वाहावे, यासाठी मैलाला किमान दोन फूट उतार ठेवला होता. बहुतेक गटारांचा छेद अंडाकृती, टोक खाली. प्रवाह कमी असला तरी अरुंद तळातून तो जोरात वाहतो आणि गाळ साचत नाही. तळाला कठीण निळी स्टॅफर्डशायर वीट. क्षमता सुमारे साडेचौतीस लाख लोकसंख्या धरून ठरवली, म्हणजे तेव्हाच्या वस्तीपेक्षा बरीच जास्त.

खरी जोखीम होती ती सांध्यांत. तोपर्यंत असल्या कामांसाठी रोमन सिमेंट वापरले जात असे. ते चटकन घट्ट होई, बनवताना थोडे उणे-अधिक झाले तरी चाले, पण ताकद बेताची. पोर्टलंड सिमेंट त्याहून बरेच मजबूत होते आणि पाण्यात ते आणखी कणखर होत जाई. मात्र भट्टीत कमी-जास्त भाजले गेले तर ते दगा देई. रस्त्याखाली काही मीटरवर गाडलेल्या गटारात असा माल गेला असता, तर तो शोधून काढणेही अवघड होते.

बॅझलजेट यांनी धोका पत्करला, पण डोळे मिटून नव्हे. त्यांचे सहायक अभियंता जॉन ग्रँट यांनी चाचणीची पद्धत बसवली. सिमेंटचे नमुने साच्यात घालून सात दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग यंत्रावर ताणून तोडायचे. सव्वादोन चौरस इंच छेदाच्या तुकड्याने ४०० पौंडांचा ताण सोसला तरच माल घ्यायचा. पुढे ही अट ५०० पौंडांपर्यंत वाढवण्यात आली. माल तपासला जाणार हे कळल्यावर उत्पादकांनीही सुधारणा केली. आज आपल्याकडे साइटवर सात आणि २८ दिवसांनी काँक्रीटचे क्यूब फोडतात, त्यामागचा विचारही हाच आहे.

बांधकाम व्यवस्थापनात दर्जाचा खर्च आज चार कप्प्यांत मांडतात. चूक होऊ नये म्हणून केलेला खर्च, तपासणीचा खर्च, काम ताब्यात देण्याआधी सापडलेल्या दोषांचा खर्च आणि नंतर उघड झालेल्या दोषांचा खर्च. पहिल्या दोन कप्प्यांत पैसे घातले की उरलेले दोन आटतात. पण जमाखर्चात ठळक दिसतात ते पहिले दोनच, आणि कपातीची कात्री नेमकी तिथेच चालते. ग्रँट यांच्याकडची यंत्रे आणि माणसे या दुसऱ्या कप्प्यातली. एकूण कामावर सुमारे ३१ कोटी ८० लाख विटा लागल्या आणि खर्च ४० लाख पौंडांवर गेला. त्यापुढे नमुने ताणून पाहण्याचा खर्च किरकोळच होता.

नदीकाठचा व्हिक्टोरिया एम्बँकमेंटही याच हिशेबातून आला. एक गटार स्ट्रँडसारख्या गजबजलेल्या रस्त्याखालून न्यायचे तर दुकानदारांचे धंदे बसले असते आणि भरपाई द्यावी लागली असती. त्याऐवजी नदीत भराव घालून नवा काठ उभारला. त्याच्या पोटात गटार, भुयारी रेल्वे आणि गॅस-पाण्याच्या नळांचा बोगदा बसवला. बांधकाम १८७० मध्ये पूर्ण झाले.

फायदा कुठे दिसला?

पुरावा १८६६ मध्ये मिळाला, तोही क्रूर पद्धतीने. पटकी परत आली तेव्हा गटारे बहुतेक शहरात सुरू झाली होती. पूर्व लंडन मात्र अजून जोडले गेले नव्हते. साथीने तिथेच थैमान घातले आणि साडेपाच हजारांहून अधिक माणसे गेली. तिथल्या नळाच्या पाण्यात मैला मिसळत होता. पटकी दुर्गंधीने होते, हा तेव्हाचा सार्वत्रिक समज चुकीचा होता आणि गटारांची योजना त्याच समजावर मंजूर झाली होती. कारण चुकले, काम मात्र बरोबर ठरले. १८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये पटकीने आठ हजारांहून अधिक बळी घेतले, लंडनमध्ये साथ पसरली नाही.

मग चूक कुठे झाली?

स्वस्त योजनेत मैला बेक्टन आणि क्रॉसनेस येथे नदीतच, ओहोटीच्या वेळी, प्रक्रिया न करता सोडला जात होता. मध्य लंडनचा त्रास पूर्वेकडे सरकला, इतकेच. ३ सप्टेंबर १८७८ रोजी प्रिन्सेस अ‍ॅलिस ही प्रवासी बोट या भागात दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली. सहाशेहून अधिक जण मृत्युमुखी पडले. काही वेळापूर्वीच तिथे मैला सोडण्यात आला होता. पुढे शाही आयोगाने चौकशी केली आणि गाळ वेगळा काढण्याची व्यवस्था उभारावी लागली. ३० वर्षांपूर्वी वाचवलेले पैसे अशा रीतीने चौथ्या कप्प्यात जमा झाले. याचा सगळा दोष बॅझलजेट यांना देणे अन्यायाचे ठरेल, कारण तिजोरीची किल्ली त्यांच्या हाती नव्हती. पण स्वस्त योजनेचे शिल्पकारही तेच होते.

वेगळा काढलेला गाळ १८८७ पासून जहाजांनी समुद्रात नेऊन टाकला जाऊ लागला आणि ही पद्धत १९९८ पर्यंत सुरू होती. १८७५ मध्ये 'सर' झालेले बॅझलजेट १८८९ मध्ये निवृत्त झाले आणि १५ मार्च १८९१ रोजी विम्बल्डन येथे त्यांचे निधन झाले. त्यांची गटारे अजून वापरात आहेत. वाढलेल्या शहराचे जास्तीचे पाणी वाहून नेण्यासाठी लंडनने आता टेम्सखालून २५ किलोमीटरचा नवा बोगदा बांधला असून, तो २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला.