आधी केर, मग भाकर

आज गाडगेबाबांची आठवण काढूया.

१८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मलेल्या डेबूजींनी १९०५ मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा, सोबत एक गाडगं. गावात शिरले की आधी गाव झाडायचं, मग भाकर खायची, रात्री कीर्तन. कुणाला पाया पडू द्यायचे नाहीत. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी एक झोपडीही नाही. २० डिसेंबर १९५६ ला देह ठेवला.

आपली घरं वस्तूंनी भरलीत, तरी कुरकुर काही संपत नाही. बाबांचं समाधान रोजच्या कष्टातून यायचं. उद्यापासून आपणही मोबाईल उघडण्याआधी दारापुढचा केर काढूया. शेजाऱ्याच्याही दारापुढचा!