डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि स्नायूतील गाठ

स्नायूत वाढलेली गाठ साधी की मारक, हा निर्णय केवळ तिच्या बाह्य रूपावर सोपविता येत नाही. भारतात हा निर्णय शास्त्रीय पायावर उभा करणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचे नाव अग्रभागी येते. त्यांनी १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिविज्ञानातील एम.डी. पदवी संपादिली. पुढे मुंबईत अध्यापन केले. १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

त्या काळी क्ष-किरणांच्या छायेत हाड स्पष्ट उमटे. स्नायू आणि त्यातील गाठ मात्र बहुधा एकाच करड्या रंगात मिसळून जात. गाठीत चुना साचला असेल वा तिने शेजारचे हाड पोखरले असेल, तरच काही तर्क करता येई. एरवी काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणे एवढाच मार्ग. पण तेथेही फसगत होतेच. १९४७ साली खानोलकरांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी’त ज्या कणमय पेशींच्या अर्बुदावर निबंध लिहिला, ते याचे बोलके उदाहरण होय. स्नायुजनक पेशींपासून ते उद्भवते असे मानून रशियन विकृतिवैज्ञानिक अब्रिकोसोव्ह यांनी १९२६ साली त्याचे तसे नामकरण केले होते. जिभेत ते पुष्कळदा आढळते, आणि त्यावरील आवरण कधी असे वाढते की अननुभवी नजरेस तो कर्करोगच वाटावा. वस्तुतः ते बहुधा निरुपद्रवी असते. मारक रूप विरळा. पुढे त्याचे मूळ स्नायूत नसून मज्जातंतूंच्या आवरणातील पेशींत असल्याचे ठरले, व नावातून स्नायू गळला. व्युत्पत्तीच्या अभ्यासकांना हे नवे नाही: रूपसाम्यावर जोडलेले नाते पुढे मोडावे लागतेच.

खानोलकरांची नजर काचपट्टीपाशी थांबली नाही, हे त्यांचे खरे वैशिष्ट्य. १९४५ साली एका सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी लोकांच्या वहिवाटीशी निगडित असे कर्करोगाचे तीन प्रकार नोंदविले: धोतर कमरेला घट्ट आवळले जाते तेथील त्वचेचा, खैनी धरण्याने होणारा ओठाचा आणि चुट्ट्याने होणारा टाळूचा. रोगाचे कारण वेशात आणि व्यसनात शोधणारा हा निबंध समाजाच्या अभ्यासकांनीही वाचावा असा आहे.

१९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. १९५५ साली पद्मभूषण, १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते निवर्तले. मृदू ऊतके वेगवेगळी दाखविणारे एमआरआय यंत्र तेव्हा भारतात आलेले नव्हते. दिल्लीच्या ‘इन्मास’ संस्थेत ते १९८०च्या दशकात आले. आता गाठीची जागा, खोली आणि व्याप्ती त्या चित्रात दिसते, चरबीची साधी गाठ तर बहुधा ओळखूही येते. संशय उरला की तुकडा आजही विकृतिवैज्ञानिकाच्या मेजावर जातो.